थाळीच्या पाठीवरचा ठसा

इंग्रजांची जुनी भांडी म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर चिनी मातीच्या बशा येतात, फार तर चांदीचे चमचे येतात. परंतु मातीच्या चांगल्या बशा त्या देशात घरोघर पोचल्या त्या अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि चांदी तर घरोघर कधीच पोचली नाही. त्याआधीची दोन-अडीचशे वर्षे खाऊनपिऊन सुखी असलेला इंग्रज ज्या थाळीत जेवला आणि ज्या पेल्यातून बियर प्याला, ती थाळी आणि तो पेला प्यूटरचा असे. आज तुम्हांला या प्यूटरची हकीकत सांगायची आहे, आणि त्यातही विशेषेकरून थाळीच्या पाठीवर कारागीर आपला जो ठसा उमटवीत असे, त्या ठशाची.

प्यूटर हे नाव नवे वाटेल, पण त्यातला मुख्य धातू तुमच्या ओळखीचा आहे. कल्हईवाला भांडे तापवतो, त्यात नवसागर टाकतो आणि एक पांढरी कांडी फिरवून कापसाच्या बोळ्याने आतून पुसून काढतो. ती कांडी कथलाची. आपण तांब्यापितळेच्या भांड्याला कथलाचा नुसता पापुद्रा देतो; इंग्रज अख्खे भांडेच कथलाचे ओतत असे. निव्वळ कथील मात्र फार मऊ. त्याची पट्टी वाकवली तर कुरकुर असा आवाज येतो आणि ती वाकलेलीच राहते. म्हणून त्यात थोडे तांबे घालीत, काही भांड्यांसाठी शिसे घालीत, आणि पुढे ॲंटिमनी नावाचा कठीण धातू घालू लागले. हे मिश्रण म्हणजे प्यूटर. शिक्षकांना वर्गात सांगायला सोपे जावे म्हणून असे म्हणता येईल की, आपले कासे म्हणजे पुष्कळशा तांब्यात थोडे कथील, आणि चांगले प्यूटर म्हणजे पुष्कळशा कथलात थोडे तांबे. धातू तेच, पण उलट्या प्रमाणात.

हे कथील इंग्लंडला घरचेच होते. देशाच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉल आणि डेव्हन हे प्रांत आहेत, तिथे त्याच्या फार जुन्या खाणी. खाणीतले कथील गाळून त्याच्या लाद्या पाडीत आणि त्या ठरलेल्या गावी नेऊन सरकारी अंमलदारापुढे मांडीत. तो लादीचा एक कोपरा छिलून धातू पारखायचा, कर घ्यायचा आणि लादीवर शिक्का मारायचा. कोपरा छिलण्याची ही पद्धत १८३८ साली बंद झाली. म्हणजे कारागिराच्या हाती माल येई तो शिक्का घेऊनच. अडचण सुरू होई ती यानंतर, कारागिराच्या मुशीत.

कथील महाग, शिसे स्वस्त. कथील २३२ अंशांना वितळते, शिसे ३२७ अंशांना. दोन्ही साध्या भट्टीवर पातळ होतात आणि एकमेकांत सुखाने मिसळतात. मिसळल्यावर रंगात फार फरक दिसत नाही. नवी थाळी घासूनपुसून दुकानात मांडली की ती सारखीच लखलखते. दुधात पाणी घातले तर निदान गवळ्याच्या गिऱ्हाइकाला चवीवरून संशय तरी येतो. इथे तेही नाही. थाळी दोन-चार वर्षांनी काळवंडेल, सुरीखाली लवकर झिजेल, तेव्हा कुठे घरधनिणीच्या ध्यानात येणार. तोवर विकणारा जत्रेतून केव्हाच निघून गेलेला असायचा. शिवाय भांडे वजनावर विकत. शिसे जड, म्हणजे भेसळ करणाऱ्याचा दुहेरी फायदा.

लंडनच्या प्यूटर कारागिरांनी १३४८ साली शहराच्या महापौराकडून आपल्या धंद्याचे नियम मंजूर करून घेतले ते याच कारणाने. हे नियम वाचण्यासारखे आहेत. त्यांत धातूच्या दोन प्रती ठरवल्या. थाळ्या, बशा, चौकोनी मीठदाण्या असल्या वस्तू उत्तम धातूच्या असाव्यात; त्यात कथील, आणि कथलात जितके तांबे आपसूक मुरेल तितके तांबे, एवढेच. सुरया, घडे, मेणबत्तीच्या बैठका अशा गोल वस्तूंत मात्र ठरलेल्या प्रमाणात शिसे चालेल. दोनच वर्षांनी, १३५० मध्ये, एका कारागिराची भांडी शिशाने भरलेली आढळली आणि ती जप्त झाली. नियम केला तेव्हा तो मोडणारे आधीपासूनच हजर होते, हे उघड आहे.

एक गोष्ट इथे नीट समजून घ्या. हे नियम लोकांच्या प्रकृतीच्या काळजीपोटी झालेले नव्हते. शिसे पोटात गेले की माणसाला काय होते याचा हिशेब त्या नियमांत नाही. तसा असता, तर जेवणाच्या कोरड्या थाळीतून शिसे काढून टाकायचे आणि आंबलेले पेय ज्यात तासन्‌तास राहते त्या सुरईत ते चालू द्यायचे, असा उफराटा न्याय झाला नसता. आंबट पदार्थ शिसे विरघळवतो. डेव्हन प्रांतातल्या लोकांना सफरचंदाची दारू पिऊन भयंकर पोटशूळ उठे. तो त्या दारूत उतरलेल्या शिशामुळे उठतो, हे जॉर्ज बेकर या वैद्याने १७६७ साली दाखवून दिले. तिथे दोष प्यूटरचा नव्हता, दारू गाळायच्या यंत्रात वापरलेल्या शिशाचा होता. पण धातू तोच. श्रेणीला काळजी होती ती धंद्याच्या अब्रूची आणि सचोटीच्या कारागिराच्या पोटाची. तेवढ्या काळजीनेही पुष्कळ काम झाले, हे मात्र मान्य करायला हवे.

श्रेणी हा शब्द मी वापरला. एका धंद्याच्या कारागिरांनी आपली संस्था करायची, शिकाऊ मुलगा किती वर्षे उमेदवारी करील, दुकान कोण काढील, माल कसा असेल, हे सगळे तिने ठरवायचे. युरोपात ही व्यवस्था शतकानुशतके चालली. लंडनच्या प्यूटरवाल्यांच्या श्रेणीला चौथ्या एडवर्ड राजाने १४७३-७४ साली सनद दिली, आणि त्या सनदेने एक मोठा अधिकार मिळाला. लंडनमध्येच नव्हे, तर सबंध इंग्लंडभर प्यूटरचा माल तपासायचा अधिकार! श्रेणीचे पंच घोड्यावर बसून गावोगावच्या जत्रांना जात, दुकानात शिरत, भांडी उचलून पारखत. खोटा माल जप्त होई, दंड बसे. लंडनच्या लोकांनी येऊन आपल्या दुकानाची झडती घ्यावी हे गावच्या कारागिराला किती रुचत असेल याची कल्पना तुम्ही करू शकाल. दुरून आलेला तपासनीस कुठल्याच काळात कुणाला आवडलेला नाही. तरीही हे फिरते तपासणीचे काम सतराव्या शतकाच्या अखेरपर्यंत चालू होते.

पारख कशी करीत? युक्ती मोठी साधी होती. एक लहानसा साचा ठेवीत. त्यात शुद्ध कथलाची गोळी पाडायची आणि तिचे वजन नोंदून ठेवायचे. मग संशयित भांड्याचा तुकडा वितळवून त्याच साच्यात तशीच गोळी पाडायची आणि काट्यावर घालायची. कथील पाण्याच्या सव्वासात पटींहून थोडे अधिक जड, शिसे सव्वाअकरा पटींहून थोडे अधिक. आकार तोच आणि गोळी मात्र जड भरली, म्हणजे शिसे जास्त. किती गुंजा जड भरली त्यावरून भेसळ किती ते कळे. रसायनशास्त्राचा जन्म व्हायच्या आधीची ही परीक्षा आहे, आणि शाळेतल्या मुलांना घनता शिकवताना अजूनही उपयोगी पडेल.

आता ठशाकडे येऊ. माल खोटा निघाला हे कळले, पण तो केला कुणी? दुकानदार म्हणणार, मी विकत घेतला. फेरीवाला तर सापडणारच नाही. या प्रश्नावर पार्लमेंटने १५०३ साली कायदा केला. प्यूटर आणि पितळ उघड्या बाजारात, जत्रेत किंवा आपल्या घरीच विकावे, कारण गावोगाव हिंडणारे विक्रेते चोरीची भांडी घेऊन विकीत आणि जवळ खोटे तराजू बाळगीत. आणि भांडे करणाऱ्याने त्यावर स्वतःची खूण मारावी. ही खूण आज आपण ज्याला व्यापारी छाप म्हणतो तशी जाहिरात नव्हती. तिचा जन्म चोर सापडावा म्हणून झाला. कारागीर थाळीवर ठसा मारतो तेव्हा तो म्हणत असतो, की हिच्यात काही खोट निघाली तर माझ्या दारी या.

चांदीवरच्या छापाशी याची गल्लत करू नका. लंडनमध्ये चांदीचे भांडे सोनारांच्या श्रेणीकडे न्यावे लागे. तिथे तिऱ्हाईत पारखी ते कसाला लावी आणि मगच छाप उठे. तो छाप म्हणजे धातूच्या शुद्धतेचा दाखला. प्यूटरवरचा ठसा कारागीर आपल्याच दुकानात, आपल्याच हाताने मारी. तो शुद्धतेचा दाखला नाही, तो फक्त नावाचा दाखला. धातू तपासायचा तो पुढे कधीतरी, तक्रार आली तर किंवा झडती झाली तर. म्हणून सगळी भिस्त एका गोष्टीवर, ती म्हणजे ठसा कुणाचा हे ठाऊक असणे.

त्यासाठी श्रेणीच्या सभागृहात धातूचे पत्रे ठेवलेले असत. उमेदवारी संपवून कारागीर स्वतंत्र दुकान काढायला निघाला, की त्याने तिथे यायचे, परवानगी घ्यायची आणि आपला ठसा त्या पत्र्यावर उमटवायचा. मग जन्मभर तो ठसा त्याचा. दुसऱ्याचा ठसा वापरणे हा गुन्हा. नवरा वारल्यावर दुकान पुढे चालवणाऱ्या विधवाही या धंद्यात होत्या.

लंडनच्या लाइम स्ट्रीटवर श्रेणीचे हे सभागृह होते. सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनला ती प्रसिद्ध आग लागली, चार दिवस शहर जळत होते, आणि त्यात हे सभागृहही गेले. आधीचे ठशांचे पत्रे त्या आगीत गेले असे मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे; जो धातू चुलीपाशी विसरला तर पाघळतो, त्याचीच दप्तरे आगीत कशी टिकणार? पण श्रेणी खचली नाही. १६६८ मध्ये नवा पत्रा घेतला आणि हयात कारागिरांना बोलावून पुन्हा ठसे उमटवून घेतले. म्हातारे आणि तरुण एकाच रांगेत आले. म्हणून पहिल्या पत्र्याच्या सुरुवातीला जे ठसे आहेत त्यांतले काही १६६८ च्या कितीतरी आधीपासून चालत आलेल्यांचे आहेत. तिथपासून एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकापर्यंत असे पाच पत्रे भरत गेले. ते आजही लंडनच्या श्रेणीकडे आहेत आणि त्यांवर हजाराहून अधिक ठसे आहेत. स्कॉटलंडमध्ये एडिंबरोच्या कारागिरांचेही दोन पत्रे शिल्लक आहेत आणि ते लंडनच्या पत्र्यांपेक्षा जुने आहेत.

ठसे दिसतात कसे? नाण्याएवढे, क्वचित त्याहून लहान. गोल किंवा लंबगोल चौकट, तिच्या कडेने दोऱ्यासारखी किंवा मण्यांची नक्षी, मध्ये एखादे चित्र आणि बाजूला नावाची आद्याक्षरे किंवा पूर्ण नाव. चित्रांत गुलाब, मुकुट, सिंह, पक्षी, हात, वाळूचे घड्याळ, काय वाटेल ते. नावावर कोटी करायचीही हौस होती. आडनावाचा काही अर्थ निघत असला तर तेच चित्र घेत. गिऱ्हाइकाला वाचता येत नसले तरी चित्र लक्षात राही, हा त्यातला व्यवहार.

हा धंदा इतका वाढला कसा, तेही सांगायला हवे. विल्यम हॅरिसन नावाच्या एका पाद्र्याने १५७७ साली इंग्लंडचे वर्णन लिहिले. त्याच्या गावच्या म्हाताऱ्यांनी आपल्या हयातीत झालेले जे मोठे बदल त्याला सांगितले, त्यांत एक हा की लाकडाच्या थाळ्या जाऊन प्यूटरच्या आल्या. पूर्वी शेतकऱ्याच्या घरी प्यूटरचे चार नगही क्वचित असत; आता फडताळ भरून थाळ्या दिसतात. बारा मोठ्या थाळ्या, बारा खोलगट बशा आणि बारा लहान तबकड्या मिळून एक संच होतो, असे तो सांगतो. आपल्याकडे मुलीला भांडी देताना जसा थाट मांडतात, तसाच हा संच म्हणजे घराची पत होती. भांडी वजनावर घेत आणि जुनी झाली की मोडीत देऊन वर काही पैसे घालून नवी नेत. या मोडीची गोष्ट पुढे पुन्हा येईल.

थाळी तयार व्हायची ती काशासारख्या धातूच्या साच्यातून. साचे फार महाग, एकट्या कारागिराला परवडत नसत. म्हणून श्रेणी काही साचे स्वतःकडे ठेवून भाड्याने देई. ओतून झाली की थाळी चरकावर चढवून कातीत, म्हणजे ती गुळगुळीत होई. चांगल्या थाळीचा तळ आणि काठ यांच्यामधला वळणाचा भाग हातोडीने ठोकून घट्ट करीत. ठोकण्याच्या त्या बारीक खुणा ओळीने थाळीच्या पाठीवर अजून दिसतात. घासायला वाळू असे, किंवा पेराच्या देठाची एक खरखरीत रानवनस्पती वापरीत; या कामामुळे तिला इंग्रजीत प्यूटरचेच नाव पडले.

या थाळ्या कुणी वापरल्या हेही कधी कधी कळते. आठव्या हेन्रीचे ‘मेरी रोज’ नावाचे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी पोर्ट्‌समथजवळ बुडाले. १९८२ साली ते समुद्रातून वर काढले. त्यात प्यूटरच्या थाळ्या सापडल्या, आणि त्यांपैकी काहींवर जी आणि सी ही अक्षरे होती. ती जहाजावरचा अधिकारी सर जॉर्ज कॅर्यू याची. तो त्याच दिवशी जहाजाबरोबर बुडाला. जहाजावरच्या शस्त्रवैद्याच्या सामानातही प्यूटरचे पात्र आणि पिचकारी होती. लाकडाच्या थाळ्या खलाशांच्या आणि प्यूटरच्या थाळ्या साहेबांच्या, हा भेद तिथे समुद्राच्या तळाशी जसाच्या तसा राहिला होता.

मालकाची अक्षरे घालायची ही चाल साध्या घरांतही होती. थाळीच्या काठावर तीन अक्षरे त्रिकोणात मारलेली दिसतात. वरचे अक्षर आडनावाचे, खाली एका बाजूला नवऱ्याच्या नावाचे, दुसऱ्या बाजूला बायकोच्या नावाचे. आपल्या घरातल्या तांब्यावर आजीचे नाव कोरलेले असते ना, तसलाच प्रकार. म्हणजे एकाच थाळीवर दोन नावे होतात. पाठीवरचे नाव खोटीबद्दल जबाबदार असणाऱ्याचे, काठावरचे नाव ती जपणाऱ्यांचे.

पण ठसा फार दिवस साधा राहिला नाही. सतराव्या शतकात कारागिरांच्या ध्यानात आले की चांदीच्या भांड्यावर जसे चार छोटे छाप ओळीने असतात, तसे आपणही मारले तर थाळीला रुबाब येतो. मग लहान लहान ढाली, त्यांत सिंह, मुखवटा, अक्षर, फूल. अर्थ काहीच नाही! नुसती चांदीची नक्कल. सोनारांनी यावर तक्रारी केल्या, मनाई झाली, पण चाल काही थांबली नाही. आजही पुष्कळ लोक हे चार छाप पाहून थाळी चांदीची समजतात, किंवा त्यांतल्या अक्षरावरून साल काढायचा प्रयत्न करतात. त्यावरून साल निघत नाही.

गुलाबावर मुकुट ही खूण आधी उत्तम मालाची होती, पुढे ती जो तो वापरू लागला. सतराव्या शतकाच्या अखेरीला मुकुटाखाली एक्स हे अक्षर आले. त्याचा अर्थ असा की हा धातू नेहमीच्यापेक्षा चढ्या प्रतीचा. थोड्याच काळात एक्स सगळीकडे दिसू लागला. मग पट्टीत ‘लंडन’ हे गाव, कारण लंडनच्या मालाचे नाव मोठे होते. मग लंडनबाहेरच्या कारागिरांच्या भांड्यांवरही ‘लंडन’. मग ‘अतिउत्तम कठीण धातू’ अशा पट्ट्या. माझ्या मते या धंद्याच्या इतिहासातला सगळ्यात बोलका भाग हाच आहे. ज्या थाळीवर एक ठसा आहे तिथे माणूस आपले नाव देतो. ज्या थाळीवर सहा ठसे आहेत तिथे तो आपला माल विकतो. दोन्ही थाळ्या चांगल्या असू शकतील, पण ठशाचे काम बदलले.

याला एक बाजू न्यायाचीही आहे. कठीण धातू ही केवळ बढाई नव्हती. सतराव्या शतकाच्या मध्याला जेम्स टॉडिन नावाचा एक फ्रेंच प्रॉटेस्टंट कारागीर लंडनला येऊन राहिला. ॲंटिमनी घातलेला कठीण, चकचकीत धातू तो करू लागला. परका माणूस, वर आपल्यापेक्षा बरा माल करतो, हे श्रेणीला पचायला जड गेले; तिने त्याला पुष्कळ त्रास दिला. अखेर त्याचा धातू टिकला आणि इंग्रजांनीच तो उचलला. शिसे न घालताही प्यूटर कठीण होते हे सिद्ध झाले. जी श्रेणी भेसळ अडवते तीच सुधारणाही अडवते. शिक्षकांनी मुलांना श्रेणींविषयी सांगताना दोन्ही गोष्टी सांगाव्यात.

अठराव्या शतकात प्यूटर जहाजे भरभरून अमेरिकेतल्या वसाहतींना जाई. तिकडे तयार भांडी सुखाने पाठवता येत, पण कच्च्या कथलावर जकात होती. म्हणजे तिकडच्या कारागिराने डोके वर काढू नये. तेव्हा त्या बिचाऱ्यांनी काय करावे? इंग्लंडहून आलेली जुनी, झिजलेली भांडी मोडीत घ्यावीत, वितळवावीत आणि त्यातून नवी ओतावीत. लंडनच्या जॉन टाउनसेंड या क्वेकर पंथाच्या कारागिराचा माल तिकडे फार गेला. पुढे थॉमस कॉम्प्टन त्याचा भागीदार झाला, आणि या दोघांच्या नावाच्या थाळ्या अमेरिकेतल्या संग्रहालयांत आजही भेटतात.

त्याआधी शंभर वर्षे असाच एक लंडनचा माणूस जमेका बेटावर गेला होता. त्याचे नाव सायमन बेनिंग. त्याने पोर्ट रॉयल या बंदरात दुकान काढले. ठशासाठी चित्र निवडले अननसाचे, बाजूला आपली एस आणि बी ही अक्षरे. लंडनच्या गुलाब-सिंहांतून बाहेर पडून माणूस नव्या मुलखात गेला की डोळ्यांपुढचे फळ ठशात येते, हे मला मोठे गमतीचे वाटते. ७ जून १६९२ रोजी तिथे भूकंप झाला आणि काही मिनिटांत शहराचा मोठा भाग समुद्रात गेला. विसाव्या शतकात पाणबुड्यांनी ते बुडालेले रस्ते खणले, तेव्हा प्यूटरच्या थाळ्या निघाल्या, आणि त्यांच्या पाठीवर अननस. बेनिंगचा माल त्यावरून ओळखता आला.

मग हा धंदा बसला कसा? तीन-चार बाजूंनी एकदम घाला आला. जोसाया वेजवुडने दुधी रंगाच्या मातीची सुबक, स्वस्त भांडी काढली; राणीने ती घेतली आणि १७६६ च्या सुमारापासून ती राणीच्या नावानेच खपू लागली. चहाचे व्यसन लागले, आणि धातूच्या पेल्यातून कढत चहा पिणे म्हणजे ओठ भाजून घेणे. माती घासायला वाळू लागत नाही, ती काळवंडत नाही. शेफील्डमध्ये ‘ब्रिटानिया’ नावाने कथील आणि ॲंटिमनीचा पत्रा लाटून त्याची पातळ, हलकी भांडी निघू लागली. ही भांडी चांगली होती, त्यात शिसे नव्हते; पण ती कारखान्याची. त्यांच्या तळावर कारखान्याचे नाव आणि नमुन्याचा क्रमांक असतो. चार आकडी क्रमांक पाहून लोक तो साल समजतात आणि भलतीच जुनी वस्तू हाती लागली म्हणून खूश होतात.

घरातून प्यूटर गेले तरी दारूच्या गुत्त्यात ते आणखी शंभर वर्षे राहिले. मातीचा पेला फुटतो, आणि गुत्त्यात तर फारच फुटतो. पेल्याच्या तळाला काच बसवीत ती गुपचूप टाकलेले भरतीचे नाणे दिसावे म्हणून, अशी एक कथा तिकडे सांगतात. कथा झकास आहे, पण तिला आधार नाही. खरी गोष्ट मापाची. पेला हेच माप, तेव्हा तो पुरा आहे की नाही हे सरकारने पाहावे लागे. तिसऱ्या विल्यमच्या काळात, १७०० च्या सुमारास, माप तपासून मुकुटाखाली डब्ल्यू आणि आर ही अक्षरे मारायचा कायदा झाला. राजा १७०२ मध्ये वारला, पण अक्षरे तीच चालू राहिली. थेट १८२६ पर्यंत. त्या वर्षी सबंध देशात एकच नवे माप लागू झाले. म्हणून ती अक्षरे पाहून पेला विल्यमच्या राजवटीतला समजू नये. १८७९ पासून प्रत्येक तपासणी कचेरीला आपापला क्रमांक मिळाला. पेला कुठल्या गावी तपासला ते त्यावरून सापडते.

म्हणजे शेवटी काय झाले बघा. कारागिराने स्वतः मारायचा ठसा मागे पडला आणि तिऱ्हाईत तपासनिसाचा शिक्का पुढे आला. सोनारांकडे जी गोष्ट पहिल्यापासून होती ती गुत्त्यातल्या पेल्याला मिळाली, पण कथलाच्या शुद्धतेबद्दल नव्हे, बियरच्या मापाबद्दल!

आता मोडीची गोष्ट. पाच-सहाशे वर्षांत इंग्लंडने लाखो थाळ्या ओतल्या, आणि आज शिल्लक आहेत त्या त्यांचा अगदी लहानसा अंश. दुसरा धातू मोडीत काढायला मोठी भट्टी लागते. इथे घरच्या विस्तवावर काम भागते. झिजलेली थाळी वितळली की पाठीवरचे नावही गेले. जी भांडी वापरात नव्हती तीच जास्त वाचली. उदाहरणार्थ चर्चमधल्या सुरया. चर्चच्या १६०३ च्या नियमांत विधीची द्राक्षदारू स्वच्छ प्यूटरच्या किंवा त्याहून उंची धातूच्या पात्रात आणावी असे होते. त्या सुरया आठवड्यातून, नाहीतर वर्षातून चारदा बाहेर निघत, बाकीचे दिवस कपाटात राहत. रोज राबणारी थाळी संपली आणि कपाटातली सुरई राहिली. म्हणून जुन्या भांड्यांवरून जुने घर कसे होते ते ठरवताना जरा जपून.

या भांड्यांचा शौक लोकांना लागला तो विसाव्या शतकाच्या तोंडाशी. १९०४ साली लंडनमध्ये पहिले प्रदर्शन भरले. १९१८ मध्ये संग्राहकांची संस्था निघाली. १९२९ साली हॉवर्ड कॉटरेल याने कारागिरांच्या नावांचा आणि ठशांचा मोठा कोश छापला. हजारो माणसे, नाहीतर कुणाच्या स्मरणात राहिली नसती अशी, त्यात अक्षरानुक्रमाने बसली आहेत. लोक किंमत देऊ लागले तसे बनावट ठसेही आले. नवी थाळी ओतायची, जुन्या कारागिराचा ठसा कोरून घ्यायचा, आम्लाने डाग पाडायचे. भेसळ ओळखता यावी म्हणून जो ठसा निघाला त्याचीच भेसळ सुरू झाली.

तेव्हा मुंबई-पुण्याच्या जुन्या बाजारात म्हणा किंवा परदेशी गेलेल्या मुलाच्या घरी म्हणा, अशी करड्या रंगाची जड थाळी कधी हाती आली तर ती उलटी करून पाहा. ठशात साल असेल, तर ते थाळीचे नव्हे; कारागिराने दुकान काढले किंवा ठसा घेतला तेव्हाचे. त्यानंतर तो तीस-चाळीस वर्षे तोच ठसा मारीत राहिलेला असू शकतो. चार छोट्या ढालींकडे फार लक्ष देऊ नका. एक्स असला तर विक्रेत्याची हौस समजा. नाव आणि चित्र मिळाले तर ते लंडनच्या त्या पाच पत्र्यांवर शोधता येते, कारण त्यांची छायाचित्रे छापलेली आहेत. आणि अशा थाळीत लिंबाचे लोणचे किंवा चिंचेचे सार मात्र वाढू नका. पाठीवर नाव कितीही चांगले असले तरी आत शिसे किती, ते ठसा सांगत नाही.